चाळणी यंत्राच्या हाती देऊ नका

वायरलेस नेटवर्क आणि एज कॉम्प्युटिंगवर (म्हणजे वापरणाऱ्याच्या जवळच्याच सर्व्हरवर काम उरकण्याच्या पद्धतीवर) काम करणारे चार लोक एकत्र आले की सध्या एक वाद हमखास रंगतो: टेस्टबेड, म्हणजे खरे रेडिओ आणि सर्व्हर मांडून प्रयोगांसाठी केलेली उभारणी, पूर्ण ऑटोमेट करायचा की नाही. एका बाजूचे म्हणतात, रात्री बटण दाबावं आणि सकाळी आलेख तयार असावेत. माणसाचा हात लागला की चूक आलीच. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, हवेला स्क्रिप्ट (यंत्रासाठी लिहून ठेवलेल्या कमांडांची यादी) कळत नाही. ज्याने अँटेनाचा कनेक्टर कधी स्वतः आवळला नाही, त्याने रेडिओवर पेपर लिहू नये. पहिल्यांच्या बोलण्यात तासांचा हिशेब असतो, दुसऱ्यांच्या बोलण्यात जुन्या दिवसांचा उमाळा. भांडण शेवटी श्रमांवरून चालतं, ते वाचवायचे की जपायचे. मला हा वादच भलत्या जागी चाललेला दिसतो. टेस्टबेड ऑटोमेट करायलाच हवा, आज करतो त्याहून कितीतरी अधिक. त्याचं कारण असं, की आपण नेमकं काय केलं हे ऑटोमेशन आपल्याकडून लिहून घेतं. श्रम वाचतात तो वरचा फायदा. मात्र एक काम यंत्राकडे कदापि सोपवू नये: कुठला रन, म्हणजे प्रयोगाची कुठली फेरी, 'खराब' म्हणून बाजूला टाकायचा, हे ठरवण्याचं.

नेटवर्कची संगणकातच नक्कल करणारा सिम्युलेटर हाताशी असताना खऱ्या रेडिओंच्या मागे लागायचंच कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर २००४ मध्ये डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी जरा खोचकपणेच देऊन ठेवलं आहे. सिम्युलेशनवर उभ्या असलेल्या पेपरांत मुकाट्याने धरलेली गृहीतकं त्यांनी एका खाली एक मांडली. जग सपाट आहे. रेडिओची पोहोच कंपासने काढावी तशी गोल असते. सगळ्या रेडिओंची पोहोच सारखी असते. मला तुझं ऐकू येतं, म्हणजे तुला माझं येणारच. ऐकू आलं म्हणजे स्वच्छच आलं. आणि सिग्नलची ताकद म्हणजे अंतराचं साधं गणित. मैदानात लॅपटॉप घेऊन केलेली मोजमापं समोर ठेवल्यावर यातली बहुतेक गृहीतकं टिकेनात. म्हणून टेस्टबेड लागतात. रटगर्स विद्यापीठाच्या विनलॅबमधला ऑर्बिट हा त्यांतला नावाजलेला. वीस बाय वीसच्या जाळीत, एकेका मीटरच्या अंतरावर ४०० नोड, म्हणजे रेडिओ बसवलेले संगणक. चारशे नोडवर हाताने ऑपरेटिंग सिस्टिम चढवत बसलं तर प्रयोगाचा मुहूर्त उजाडायचाच नाही. तिथे ऑटोमेशन करावं की नाही हा प्रश्न कधी पडलाच नाही. वाद खरा आहे तो दहा-वीस नोडच्या टेस्टबेडचा, जिथे हाताने काम 'भागतं'.

भागतं म्हणजे कसं, ते जवळून पाहा. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रडारसाठी राखलेल्या चॅनेलवर ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं उपकरण) सुरू केला, की तो आधी निदान एक मिनिट गप्प बसून ऐकतो. हे ठाऊक असलेला माणूस थांबतो; नसलेला 'क्लायंट जोडलाच जात नाही' म्हणत रीबूट करतो आणि पुन्हा तेच मिनिट सुरू होतं. एज सर्व्हर म्हणून ठेवलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग आपणच उतरवू लागतो; म्हणून पहिला रन तरतरीत आणि दहावा पेंगुळलेला. कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) पहिल्यांदा सुरू होताना त्याची फाइल, म्हणजे इमेज, नेटवर्कवरून उतरते, दुसऱ्यांदा ती डिस्कवर तयार असते, आणि आपण दोन्हींची सरासरी काढून मोकळे होतो. दोन नोडची घड्याळं एकमेकांपासून तीन मिलिसेकंद सरकलेली असताना एका दिशेची पाच मिलिसेकंदांची लेटन्सी, म्हणजे संदेश पोचायला लागलेला वेळ, मोजून काय हशील? या सगळ्यावर प्रत्येक प्रयोगशाळेत एक तोडगा असतो, आणि तो तोडगा म्हणजे एक माणूस. त्याला सगळं ठाऊक असतं. सात नंबरच्या नोडला दोनदा रीबूट लागतं, सकाळचे पहिले तीन रन धरायचे नसतात, कुठल्या ड्रायव्हरला कुठलं फर्मवेअर मानवतं. मग त्याची पीएच.डी. होते आणि तो जातो. टेस्टबेड तोच, रेडिओ तेच, पण आकडे काही केल्या जुळत नाहीत. 'साठ सेकंद थांब' ही स्क्रिप्टमधली ओळ आणि ते का थांबायचं हे सांगणारी तिच्या शेजारची टिप्पणी, एवढंच तर त्या माणसाच्या डोक्यात होतं. ते लिहून घ्यायला त्याच्या निरोप समारंभाची वाट का पाहावी?

हा केवळ घरगुती गबाळेपणा आहे असं समजू नका. मोबाइल नेटवर्कवरच्या मोबिहॉक या परिषदेत २००० ते २००५ या काळात आलेल्या पेपरांची एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दिलेल्या माहितीवरून पुन्हा करून पाहता येतील असे पेपर १५ टक्क्यांहूनही कमी निघाले. गंमत म्हणजे त्यातले बहुसंख्य सिम्युलेशनचे होते, जिथे हवा नाही, उष्णता नाही, सैल कनेक्टर नाही; होतं ते फक्त न लिहिणं. २००९ मध्ये मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. प्रोग्रॅम तोच, यंत्र तेच. बदलला तो केवळ युनिक्समधल्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलनी (प्रोग्रॅमला सोबत दिल्या जाणाऱ्या सेटिंगच्या नोंदींनी) मेमरीत व्यापलेला आकार. तेवढ्याने कार्यक्षमतेचे आकडे इतके हलले, की प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरची एक सुधारणा फायद्याची की तोट्याची, याचं उत्तरच उलटू शकत होतं. हा आकार वापरकर्त्याच्या नावातल्या अक्षरांनीही बदलतो. म्हणजे लांब नावाच्या विद्यार्थ्याचे निष्कर्ष वेगळे आणि आखूड नावाच्या विद्यार्थ्याचे वेगळे. असली गोष्ट कुठला अनुभवी हात पकडणार आहे? ती पकडायची तर यंत्राची सगळी अवस्था प्रत्येक रनबरोबर आपोआप नोंदली गेली पाहिजे. आज जी नोंद बिनकामाची वाटते तीसुद्धा.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो भक्कम आहे हे मान्य करून टाकतो: सर्व्हर पुसून पुन्हा पहिल्यासारखा करता येतो, हवा करता येत नाही. दार उघडलं, कोणी खुर्ची सरकवली, शेजारच्या खोलीत ब्लूटूथ हेडफोन चालू झाला, की चॅनेल बदलला. यावर एक उत्तर म्हणजे हवाच काढून टाकायची. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने आपल्या स्पेक्ट्रम स्पर्धेसाठी उभारलेलं आणि २०१९ मधल्या अंतिम फेरीनंतर नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडे गेलेलं कोलोसियम हे त्याचं भव्य उदाहरण. २५६ सॉफ्टवेअर रेडिओ, त्यातले निम्मे हवेचं सोंग वठवणारे. उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तिथे तुम्हाला तीच हवा भेटते जी कोणीतरी आधी गणितात बसवली आहे. खऱ्या हवेचा प्रश्न त्याने सुटत नाही, पुढे ढकलला जातो.

मग खऱ्या हवेपुढे ऑटोमेशन हतबल आहे का? शेतजमिनीचं उदाहरण घ्या. एका तुकड्याची माती सुपीक, दुसऱ्याची निकस, आणि जमीन काही रीसेट करता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात गेले, तेव्हा त्यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती. माती एकसारखी करण्याच्या नादी ते लागले नाहीत. कुठल्या तुकड्याला कुठलं खत मिळणार हे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिकपणे ठरवलं, म्हणजे मातीचा लहरीपणा कुठल्याच एका खताच्या बाजूने झुकणार नाही. आपण टेस्टबेडवर काय करतो? सकाळभर जुनी पद्धत मोजतो, दुपारभर नवी, आणि दुपारी निम्मी इमारत रिकामी असते हे विसरून नव्या पद्धतीची पाठ थोपटतो. खरं तर प्रत्येक रनला नाणं उडवून पद्धत निवडायला हवी. जुनी, नवी, नवी, जुनी, नवी, असे शेकडो रन, दिवसाच्या प्रत्येक प्रहरी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हे हाताने होत नाही. चाळिसाव्या रनला माणूस कंटाळतो आणि 'चला, आता नवीचे सगळे उरकून घेऊ' म्हणतो, कारण दर वेळी कॉन्फिगरेशन बदलणं जिवावर येतं. हवा आवरता येत नाही म्हणूनच ऑटोमेशन हवं. हा मुद्दा विरोधकांचा म्हणून मांडला जातो, पण तो खरा आमच्या बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप शिकण्याचा. विद्यार्थ्याने एकही केबल न जोडता पदवी मिळवली तर त्याला बिघाड ओळखता येईल का? फारसा येणार नाही, हे खरंच आहे. नवीन माणसाला पहिले दोन आठवडे टेस्टबेड हातानेच चालवू द्यावा, या मताचा मीही आहे. पण अनुभवी हाताचं जे गुणगान चालतं त्यावर ग्रिनिचच्या वेधशाळेतली एक जुनी कथा आठवते. १७९६ मध्ये राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्कलिन यांनी डेव्हिड किनब्रुक या मदतनिसाला कामावरून काढलं. आकाशातला तारा दुर्बिणीतल्या बारीक तारेवरून सरकण्याच्या क्षणाची त्याची नोंद साहेबांच्या नोंदीपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने मागे पडत होती. पुढे खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी निरीक्षकांची तुलना केली, तेव्हा कळलं की मुरलेल्या खगोलशास्त्रज्ञांतही असा फरक असतोच. प्रत्येकाचा आपला वेगळा. किनब्रुक बिचारा चुकलाच नव्हता, त्याचा हात फक्त साहेबांच्या हातासारखा नव्हता. हाताला कौशल्य असतं तसा हाताला कलही असतो, आणि तो ज्याचा असतो त्याला दिसत नाही.

बटणवाल्यांनी एवढ्यात खूश होऊ नये. 'एका कमांडमध्ये सगळा पेपर पुन्हा चालतो' हा दावा ऐकला की मी विचारतो, किती वर्षं? प्लॅनेटलॅब हे संशोधकांचं सामायिक प्रयोग-जाळं २००२ च्या सुमारास सुरू झालं, जगभर पसरून हजाराहून अधिक नोडपर्यंत गेलं, आणि २०२० मध्ये बंद झालं. त्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टा आजही वाचता येतात, चालवता मात्र येत नाहीत. त्यातली जी नीट लिहिलेली आहे, का थांबायचं, का पुसायचं हे सांगणारी, ती दुसऱ्या टेस्टबेडवर नव्याने बसवता येते. नुसत्या कमांडांचा ढीग असेल तर तो ढीगच. शिवाय तीच स्क्रिप्ट त्याच नोडवर हजारदा चालवून तोच आकडा आला, यातून सिद्ध काय झालं? घड्याळ तीन मिलिसेकंद मागे असेल तर ते हजार वेळा तीन मिलिसेकंद मागे असेल. त्याच मंडळींनी त्याच मांडणीत पुन्हा केलेला प्रयोग आणि परक्यांनी स्वतःच्या मांडणीत केलेला प्रयोग, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना वेगवेगळी नावं दिली आणि २०२० मध्ये त्यातल्या दोन नावांची आपसात अदलाबदलही केली. ज्या क्षेत्राला शब्दांचाच मेळ घालताना इतकी कसरत करावी लागली, त्याने बटण दाबून प्रश्न सुटल्याची घोषणा जरा दमाने करावी.

आता तिसरा आक्षेप, मला सर्वांत जवळचा वाटणारा: यंत्राने सगळं केलं तर अनपेक्षित गोष्ट दिसणार कोणाला? इतिहास याचं सरळ उत्तर देत नाही. १९३२ मध्ये बेल लॅब्जचे कार्ल जान्स्की रेडिओ टेलिफोनमधल्या खरखरीचा शोध घेत होते. वीस मिनिटांत एक फेरी मारणारी त्यांची अँटेना फोर्ड गाडीच्या चाकांवर फिरत असे, आणि नोंद आपोआप कागदावर उमटत असे. एक मंद खरखर दिवसागणिक थोडी लवकर येत होती. तिची पाळी २३ तास ५६ मिनिटांची निघाली. म्हणजे ती सूर्याबरोबर चालत नव्हती, ताऱ्यांबरोबर चालत होती. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा झाला. चार मिनिटांचा तो फरक महिनोन्‌महिने न दमता नोंद करणाऱ्या यंत्रामुळे दिसला, आणि ती खरखर गाळून टाकायची सोय यंत्रात नव्हती म्हणून उरला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला कित्येक वर्षं अधूनमधून दिसणारे गूढ स्पंद हेही त्याच जातीचं प्रकरण. परिसरातल्या रेडिओ गोंगाटाची सतत नोंद ठेवणारं उपकरण बसवलं, आणि त्या स्पंदांच्या वेळीच २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासही गडबड असल्याचं उघड झालं. २०१५ मध्ये गुन्हेगार जाहीर झाला: मायक्रोवेव्ह ओव्हन, ज्याचं दार कोणीतरी तो चालू असतानाच उघडत होतं.

याच्या उलट ओझोनच्या छिद्राची हकीकत. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जमिनीवरच्या उपकरणाने टिपून जाहीर केली. नासाचा उपग्रह त्याच आकाशाची मोजमापं वर्षानुवर्षं करत होता. १८० डॉबसन एककांच्या (ओझोन याच एककात मोजतात) खालचं मोजमाप आलं की त्याच्या प्रणालीत त्यावर 'संशयास्पद' अशी खूण पडे. ती मोजमापं फेकून दिली होती असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. ती होती, खुणेसकट तपासणीची वाट पाहत. पण खूण लावणारं यंत्र तत्पर आणि खुणा वाचणारा माणूस संथ असला की काय होतं, ते त्यातून दिसतं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आमच्याच टेस्टबेडवरचं सांगतो. क्लायंट एका ॲक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे सरकला, की एज सर्व्हरवरचं त्याचं काम नव्या सर्व्हरवर किती वेळात पुन्हा सुरू होतं, हे मोजत होतो. दोनशे रन, रात्रभर. स्क्रिप्टमध्ये तीन ओळींची एक सोय होती: जोडणी झाली नाही तर तीनदा प्रयत्न कर, तरीही नाही झाली तर रन सोड आणि पुढे जा. आलेख इतका देखणा आला की मी तो त्याच दिवशी स्लाइडवर चढवला. दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, एक्केचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस... त्रेचाळीस कुठे आहे?" फाइलींच्या नावांत जागोजाग खिंडारं होती. मोजली तर तेवीस. हरवलेले जवळजवळ सगळे रन एकाच परिस्थितीतले निघाले: दोन्ही ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर आणि सर्व्हरवर भरपूर ताण. म्हणजे आमची पद्धत जिथे कोसळते तेच ठिकाण. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. फरक इतकाच की कुत्रं मीच पाळलं होतं. त्या तीन ओळी माझ्याच हातच्या.

यावर कोणी म्हणेल, मग माणूस तरी काय मोठा निःपक्षपाती? रास्त प्रश्न आहे. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या १९१३ च्या आपल्या प्रसिद्ध पेपरात ५८ तेलाच्या थेंबांची मोजमापं दिली आणि हे निवडून घेतलेले थेंब नाहीत, असं ठासून लिहिलं. त्यांच्या वह्यांत मात्र त्याहून कितीतरी अधिक थेंब सापडले. माणूस चाळतो, आणि आपल्याला हवं तसं चाळतो. तरीही मी चाळणी माणसाच्याच हाती ठेवा म्हणतो, कारण मिलिकन यांच्यावर आज बोट ठेवता येतं. वही आहे, तिच्यात गाळलेले थेंब आहेत, शेजारी त्यांचे शेरे आहेत, आणि खाली एका माणसाचं नाव आहे. 'तीनदा प्रयत्न कर, नाहीतर पुढे जा' या ओळीला जाब विचारता येत नाही. ती गाळलेल्याचा मागमूसही ठेवत नाही.

हजारो रन माणसाने एकेक करून बघावेत असं माझं म्हणणं नाही, ते शक्यही नाही. यंत्राने खुशाल खुणा लावाव्यात: तापमान चढलं, घड्याळ सरकलं, जोडणी तिसऱ्या खेपेला झाली. पण खूण पडलेली ओळ तक्त्यात राहिली पाहिजे, फसलेल्या प्रत्येक प्रयत्नासकट. निष्कर्ष खुणावाले रन धरून आणि सोडून, दोन्ही तऱ्हांनी छापावेत. वगळण्याचा निकष पहिला रन सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावा. निकाल बघून सुचलेला निकष हा निकष नव्हे, ती पळवाट. आणि खूण न पडलेल्या रनमधले थोडे चिठ्ठ्या टाकून उचलावेत आणि कच्च्या लॉगपर्यंत जाऊन वाचावेत, कारण सगळ्यात निरागस दिसणारी फाइलच कधी कधी रिकामी असते.

आमच्या तक्त्यात आता शेवटी दोन रकाने आहेत, 'वगळला का' आणि 'कोणी, का'. स्क्रिप्टला त्यात लिहायची परवानगी नाही. सुरुवातीला ते भरायचा सगळ्यांना कंटाळा यायचा, मलाही. गेल्या महिन्यात त्यात एक नोंद पडली: 'रन ११२. लेटन्सी नेहमीच्या निम्मी. कारण समजत नाही. ठेवला आहे.' खाली त्याच विद्यार्थिनीचं नाव. इतर सगळ्या रनपेक्षा चांगला आलेला हा एक रन कसा आला, याच्या मागे सध्या ती आणि मी लागलो आहोत.